विश्लेषण : पिस्तूल नेमबाजीत उतरताय? नेमाआधी नियम शिका!

ऑलिम्पिक पदकांमुळे नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलामुलींची आणि नोकरदार हौशी खेळाडूंची उत्सुकता वाढली आहे. मात्र ‘कोणते पिस्तूल घ्यावे?’ या प्रश्नाआधी विचारायचा एक प्रश्न बहुतेक जण विसरतात. तो कोणता आणि त्याचे उत्तर जगभरातील ‘प्रॅक्टिकल शूटिंग’च्या नियमांत कसे सापडते, याविषयी...

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. १९५२ मध्ये खाशाबा जाधव यांनी जिंकलेल्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आले. त्याच स्पर्धेत मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगच्या साथीने मिश्र गटात अशी दोन कांस्यपदके मिळवली. ‘आपल्या मुलालाही नेमबाजी लावू या का?’ हा प्रश्न त्यानंतर अनेक घरांत विचारला गेला.

चौकशीचा क्रम साधारण ठरलेला असतो. फी किती, पिस्तूल कितीला पडते, राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचायला किती महिने लागतात, खेळाडूंसाठीच्या आरक्षणाचा फायदा मिळतो का? यातले सगळे प्रश्न रास्त आहेत. पण ‘तुमच्या रेंजवर सुरक्षेचा नियम मोडणाऱ्याचे काय होते?’ हा प्रश्न क्वचितच कोणी विचारते. वर्ग निवडताना खरे तर सर्वात आधी याच प्रश्नाचे उत्तर मिळवायला हवे.

प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग म्हणजे काय?

ऑलिम्पिकमधील पिस्तूल प्रकारांत खेळाडू एका जागी उभा राहतो, एका हाताने नेम धरतो आणि समोरच्या ठरलेल्या लक्ष्यावर गोळी किंवा छर्रा झाडतो. ‘प्रॅक्टिकल शूटिंग’मध्ये खेळाडू स्वतः हलतो. कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचे, धावत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे, आडोशामागून, खिडकीतून किंवा वाकून नेम धरायचा, मधेच मॅगझिन बदलायचे आणि हे सगळे कमीत कमी वेळात करायचे, असा हा खेळ. कागदी पुठ्ठ्यांची आणि पोलादी पत्र्याची लक्ष्ये वेगवेगळ्या अंतरांवर मांडलेली असतात. त्यांच्या मधेच काही ‘नो शूट’ लक्ष्येही असतात. त्यांना गोळी लागली, तर गुण कापले जातात.

या खेळाची जागतिक संघटना, इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन अर्थात ‘आयपीएससी’, १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात स्थापन झाली. अमेरिकी मरीन दलातील माजी अधिकारी जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, ताकद आणि वेग अशा अर्थाचे तीन लॅटिन शब्द संघटनेचे बोधवाक्य आहेत. त्यात अचूकता पहिली आणि वेग शेवटचा आहे, हे लक्षात घेण्यासारखे. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. पण त्याच्या जागतिक स्पर्धा नियमित होतात. २०२२ ची पिस्तूल गटाची जागतिक स्पर्धा थायलंडमधील पट्टाया येथे झाली होती.

यात फक्त वेगवान खेळाडू जिंकतो का?

नाही. गुणांची पद्धतच तशी आहे. मिळालेल्या एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले जाते. या भागाकाराला ‘हिट फॅक्टर’ म्हणतात.

समजा, आठ लक्ष्ये आहेत आणि प्रत्येकावर दोन गोळ्या झाडायच्या आहेत. मधल्या ‘ए’ भागात लागलेल्या गोळीला ५ गुण. एका खेळाडूने सोळाच्या सोळा गोळ्या ‘ए’ भागात मारल्या आणि १६ सेकंद घेतले. त्याचे ८० गुण भागिले १६, म्हणजे हिट फॅक्टर ५. दुसऱ्याने घाई करून १२ सेकंदांतच काम संपवले, पण दोन गोळ्या लक्ष्याला लागल्याच नाहीत. उरलेल्या चौदा गोळ्यांचे ७० गुण, त्यातून हुकलेल्या प्रत्येक गोळीसाठी १० गुणांची कपात. हातात उरले ५०. भागिले १२, म्हणजे साधारण ४.१७. चार सेकंद वाचवूनही दुसरा खेळाडू मागेच राहिला.

नवख्या खेळाडूला वेगाची भुरळ पडते. यूट्यूबवर दिसणारे दृश्यही वेगाचेच असते. गणित मात्र संयम राखणाऱ्याच्या बाजूने आहे.

सुरक्षेची चूक झाली, तर किती गुण जातात?

येथेच हा खेळ इतरांपेक्षा वेगळा ठरतो. सुरक्षेचा नियम मोडला, तर गुण कापण्याचा प्रश्नच येत नाही. खेळाडू संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. पहिल्या क्रमांकावर असला तरी आणि शेवटचा टप्पा उरला असला तरीही. पिस्तूल हातातून पडले, नळी सुरक्षित कोनाबाहेर गेली, पळताना किंवा मॅगझिन बदलताना बोट चापावर दिसले, गोळी नको तेव्हा सुटली, यातली एक गोष्टही घडली, की त्या दिवसापुरता खेळ संपला. कोणाला इजा झाली का, हे विचारलेच जात नाही.

सुरक्षित कोनाचा नियम समजायला सोपा आहे. खेळाडू समोरच्या मातीच्या बांधाकडे तोंड करून उभा आहे, असे समजा. त्याच्या दोन्ही खांद्यांतून एक सरळ रेष काढली, तर पिस्तुलाची नळी कायम त्या रेषेच्या पुढेच राहिली पाहिजे. म्हणून याला ‘१८० अंशांचा नियम’ असेही म्हणतात. सोपा वाटणारा हा नियम डावीकडे धावताना उजव्या हाताने काम करणाऱ्या खेळाडूची परीक्षा पाहतो. पाय वळतात, कंबर वळते आणि त्यांच्यामागोमाग नळीही वळू लागते.

पिस्तूल खाली पडले, तर ते खेळाडूने उचलायचे नाही, हाही नियम आहे. ते काम रेंज ऑफिसरचे. पडणारी वस्तू झेलण्याची किंवा झटकन उचलण्याची आपली सवय इतकी जुनी असते, की त्या घाईत बोट नेमके चापावर जाते. माणसाचा स्वभाव जाणूनच हा नियम केलेला आहे.

स्पर्धेत रेंज ऑफिसर प्रत्येक खेळाडूसोबत चालतो. ‘लोड अँड मेक रेडी’ ही आज्ञा मिळेपर्यंत पिस्तुलात गोळी भरायची नाही. मग ‘आर यू रेडी?’, ‘स्टँडबाय’ आणि टायमरची शिटी. शेवटची गोळी झाडल्यावर पिस्तूल रिकामे करून ते अधिकाऱ्याला दाखवायचे. त्यानेही आत डोकावून खात्री केल्यावर, नळी समोरच ठेवून चाप एकदा रिकामा ओढायचा आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवायचे. ‘रेंज इज क्लिअर’ ऐकू येईपर्यंत कोणीही पुढे जायचे नाही. रिकामेपणाची अशी दुहेरी तपासणी दर वेळी होते. वीस वर्षे खेळणाऱ्यालाही त्यातून सूट नाही.

या सगळ्या नियमांच्या मुळाशी काय आहे?

जेफ कूपर यांच्या नावाने चार मूलभूत नियम जगभर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे, असे समजून हाताळा. जे नष्ट करायचे नाही, त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. लक्ष्य कोणते आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा.

या चारही नियमांची रचना अभियांत्रिकीत शिकवतात तशा सुरक्षा यंत्रणेसारखी आहे. एक कडी तुटली, तरी दुसरीने अपघात थांबवला पाहिजे. पिस्तूल रिकामे आहे, हा अंदाज चुकला, तरी नळी सुरक्षित दिशेला असेल, तर गोळी मातीत जाईल. नळी चुकीच्या दिशेला वळली, तरी बोट चापाबाहेर असेल, तर गोळी सुटणार नाही. गंभीर दुर्घटना घडते, तेव्हा बहुधा एकापेक्षा जास्त नियम एकाच वेळी मोडलेले असतात.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर छायालेखिका हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. शस्त्र निर्धोक असल्याचे सांगून ते अभिनेत्याच्या हाती देण्यात आले होते, असे तपासात नोंदले गेले. प्रत्यक्षात त्यात खरी गोळी होती. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहणे किती महागात पडते, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

आपल्याकडचेही उदाहरण ताजे आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्या पायात घुसली. सुदैवाने जीव वाचला. परवाना असला, अनुभव असला आणि शस्त्र स्वतःचे असले, तरी ते हाताळण्याची शिस्त रोजच्या रोज पाळावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

भारतात सामान्य माणसाला प्रॅक्टिकल शूटिंग करता येते का?

अमेरिका किंवा युरोपातील काही देशांप्रमाणे थेट क्लबात जाऊन सुरुवात करणे आपल्याकडे जवळपास अशक्य आहे. या खेळात प्रामुख्याने ९ मिलिमीटरची पिस्तुले वापरतात आणि हा बोअर भारतात नागरिकांसाठी प्रतिबंधित गटात मोडतो. शस्त्र कायदा १९५९ चा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. २१ वर्षांखालील व्यक्तीला परवाना मिळत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी मात्र कायद्यात वेगळी तरतूद आहे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत परवान्याचा अर्ज आयुक्तांकडे, तर अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो.

कडक कायदा असलेले इतर देशही आहेत. डनब्लेन येथील शाळेत १९९६ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर ब्रिटनने १९९७ मध्ये पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आणली. तेथील प्रॅक्टिकल नेमबाज शॉटगन आणि रायफलकडे वळले. जपान, हाँगकाँगसारख्या ठिकाणी प्लॅस्टिकचे गोळे सोडणाऱ्या एअरसॉफ्ट पिस्तुलांवर याच नियमांनी ‘ॲक्शन एअर’ स्पर्धा होतात. तेथेही नळीचा कोन आणि चापावरचे बोट तितक्याच काटेकोरपणे पाहतात.

नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी तरुणांना हा खेळ जवळच्या रेंजवर उपलब्ध असू शकतो. त्यांनी पहिल्या दिवशी स्पर्धेत उतरण्याऐवजी आधी एक स्पर्धा केवळ पाहावी, क्लबचे नवोदितांसाठीचे सुरक्षा सत्र पूर्ण करावे आणि पहिल्या काही स्पर्धा चालण्याच्या वेगाने खेळाव्यात. होल्स्टरमधून पिस्तूल काढण्याचा सराव रिकाम्या पिस्तुलाने आणि प्रशिक्षकासमोरच करावा. काढताना किंवा परत ठेवताना बोट चापावर राहिले, तर गोळी स्वतःच्याच मांडीत किंवा पायात जाते. आणखी एक महत्त्वाची खूण म्हणजे आवाज. गोळी झाडल्यावर नेहमीच्या धमाक्याऐवजी फुसका आवाज आला, तर तत्काळ थांबावे. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली, तर नळी फुटू शकते.

महाराष्ट्रातील नवोदितासाठी खरा आणि कायदेशीर दरवाजा मात्र १० मीटर एअर पिस्तूलचा आहे. ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. त्यानंतरचा टप्पा .२२ बोअरच्या २५ मीटर पिस्तूलचा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकले, ते याच प्रकारात.

एअर पिस्तूल म्हणजे खेळणेच ना?

हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. त्याला जत्रेतील छऱ्याच्या बंदुकीची पार्श्वभूमी आहे. दहा-वीस रुपये देऊन फुगे फोडायचे, शेजारी उभ्या मित्राकडे गमतीने बंदूक रोखायची, हे पाहतच अनेक पिढ्या मोठ्या झाल्या. तीच नजर घेऊन मूल रेंजवर येते.

स्पर्धेच्या एअर पिस्तुलातून साधारण अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला १५० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. म्हणजे ताशी सुमारे ५४० किलोमीटर. ऊर्जेचे गणित केले, तर ती साडेपाच ज्यूलच्या घरात येते. आकडा लहान वाटतो, पण डोळा कायमचा जाण्यासाठी तेवढा पुरेसा आहे. छर्रा कठीण पृष्ठभागावर आपटून परतही येतो. म्हणून संरक्षक चष्मा हवाच, नेम धरणाऱ्यालाही आणि जवळ उभ्या असणाऱ्यालाही.

चापाचे वजन हा दुसरा मुद्दा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीएवढा भार आला, की छर्रा सुटतो. एका बोटाला हा भार जाणवतही नाही. नवख्याला ‘मी दाबलाच नाही’ असे प्रामाणिकपणे वाटते, ते त्यामुळेच.

तिसरी बाब सिलिंडरची. आधुनिक एअर पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाची हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार दाब असतो. म्हणजे हा दाब जवळपास ९० पट. सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि स्पर्धेच्या नियमांनुसार तो दहा वर्षांपेक्षा जुना चालत नाही. स्वस्तात मिळाले म्हणून जुने पिस्तूल घेणाऱ्यांनी नक्षीदार मुठीआधी ही तारीख पाहावी.

चौथी बाब शिशाची. छरे हाताळलेल्या बोटांनीच वडापाव खाणे, छर्रा क्षणभर ओठांत धरणे या सवयी लहान मुलांसाठी विशेष घातक. शिसे शरीरात साठत जाते आणि वाढत्या वयातील मेंदूवर त्याचा परिणाम होतो. सराव संपल्यावर साबणाने हात धुणे हा सरावाचाच भाग समजावा.

रेंजवरचे पहिले दिवस कसे असावेत?

पहिल्या दिवशी मुलाच्या हाती भरलेले पिस्तूल देऊन मोबाइलवर व्हिडीओ काढू देणारा वर्ग पालकांना आवडतो. प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा आहे. चांगल्या वर्गात पहिले काही दिवस आज्ञा, उभे राहणे, पिस्तूल उचलणे आणि खाली ठेवणे यांतच जातात. ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ या चार शब्दांवर हात आपोआप थांबला पाहिजे. ‘स्टॉप’ ऐकल्यावर ‘एवढा एक मारतो’ असे म्हणायला वावच नसतो.

सर्वात नेहमीची चूक अगदी निरागस असते. छर्रा बरोबर मध्ये लागला, की मूल आनंदाने मागे वळून विचारते, ‘सर, दहा लागला ना?’ चेहरा वळतो, त्याबरोबर खांदा वळतो आणि हातातले पिस्तूल शेजारच्या मुलीवरून फिरते. म्हणून ‘आधी पिस्तूल टेबलावर, मग प्रश्न’ ही सवय पहिल्या आठवड्यातच लागली पाहिजे. बिघाड झाला, तरी नळी समोर ठेवून रिकामा हात वर करायचा आणि प्रशिक्षक येईपर्यंत जागेवरच थांबायचे.

सुरक्षेची पट्टी, म्हणजे ‘सेफ्टी फ्लॅग’, हेही महत्त्वाचे साधन. एअर पिस्तुलात ही भडक रंगाची दोरी छर्रा भरण्याच्या जागेपासून नळीच्या टोकापर्यंत आरपार जाते. दोरी दिसते आहे, म्हणजे नळीत छर्रा नाही, हे दहा पावलांवरूनही कळते. कोणी लक्ष्याकडे जात असेल, तेव्हा सर्व पिस्तुलांत ही दोरी हवी आणि कोणाचाही हात पिस्तुलावर नको.

यात वेळ वाया जातो, अशी तक्रार असते. पण १० मीटर एअर पिस्तूलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे असते, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्म्या रुंदीचे. ७५ मिनिटांत ६० फैरी झाडताना प्रत्येक वेळी तेच उभे राहणे, तोच श्वास आणि तीच पकड लागते. सुरक्षेसाठी लावलेली ठरावीक क्रमाची सवय पुढे गुणांसाठी उपयोगी पडते. चापावर बोट केव्हा ठेवायचे, हे ज्याला काटेकोर कळते, त्याचाच चाप सावकाश आणि सरळ ओढला जातो.

वर्ग निवडताना काय पाहावे?

क्लब जिल्हा किंवा राज्य संघटनेशी संलग्न आहे का, हे आधी विचारावे. राष्ट्रीय स्तरावर १९५१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया या खेळाचे नियमन करते आणि स्पर्धांचा मार्ग संलग्न संस्थांमधूनच जातो. प्रवेश घेण्याआधी एक तास रेंजवर शांत बसून पाहावे. आज्ञा देणारी एकच व्यक्ती आहे का? सराव सुरू असताना कोणी लक्ष्यांकडे चालत जाते का? लक्ष्यांमागे छरे अडवणारी भक्कम व्यवस्था आहे का? लक्ष्यांच्या बाजूला उघडणारे दार किंवा खिडकी बंद ठेवली आहे का? इमारतीच्या गच्चीवर किंवा तळघरात चालणाऱ्या वर्गांत हे विशेष पाहावे. चष्मे सर्वांच्या डोळ्यांवर आहेत का? हात धुण्याची सोय आणि प्रथमोपचार पेटी आहे का?

पिस्तूल खरेदीची घाई नको. परदेशी बनावटीच्या स्पर्धा पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढे जाते. सुरुवातीचे काही महिने क्लबच्या पिस्तुलावर काढल्यास हाताचा आकार, वजन पेलण्याची क्षमता आणि मुख्य म्हणजे आवड टिकते का, हे कळते.

घरी आणि प्रवासात काय काळजी घ्यावी?

परवाना लागत नाही, म्हणून एअर पिस्तूल कपाटावर किंवा दप्तरात टाकून ठेवण्याची वस्तू होत नाही. ते कुलूपबंद पेटीत ठेवावे, छरे वेगळ्या जागी आणि किल्ली मोठ्यांकडे. प्रवासात पेटी बंद असावी. सोबत खरेदीची पावती, क्लबचे ओळखपत्र आणि आधार कार्डाची प्रत ठेवावी. एसटीत किंवा लोकलमध्ये ‘दाखव ना’ म्हणणाऱ्या मित्रासाठी पेटी उघडू नये. दुरून पाहणाऱ्याला ते खरे पिस्तूल आहे की खेळाचे, हे कळत नाही. पिस्तूल हातात घेऊन काढलेले रील किंवा स्टेटस तर टाळावेच. अशा हौसेपायी पोलीस ठाण्यात जावे लागल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत.

घरी नेम धरण्याचा रिकामा सराव अवश्य करावा. मोठे खेळाडूही तो करतात. त्यासाठी छरे दुसऱ्या खोलीत ठेवावेत, भक्कम भिंतीसमोर उभे राहावे, दार लावून घ्यावे आणि सुरुवातीला व शेवटी नळी तपासावी. सराव संपला, की पिस्तूल पेटीत. ‘अजून एकदा’ म्हणून परत काढण्याच्या क्षणीच तपासणी राहून जाते.

मग खरी अडचण कोठे आहे?

नियम कोठेही लपलेले नाहीत. प्रश्न ते लागू करण्याच्या इच्छाशक्तीचा आहे. जिल्हा पातळीवरचा वर्ग फीवर चालतो. तेरा वर्षांच्या हुशार मुलीने नळी फिरवली म्हणून तिला दिवसभर बाहेर बसवले, तर पालक संध्याकाळी जाब विचारतात. आठवड्यावर स्पर्धा आली असेल, तर प्रशिक्षकाचाही हात आखडतो. ‘लहान आहे, शिकेल हळूहळू’ असे म्हणून विषय मिटतो. त्या क्षणी रेंजवरच्या बाकी सगळ्या मुलांना एकच धडा मिळतो: गुण चांगले असतील, तर नियम वाकतो.

उलट बाजूचे म्हणणेही समजून घ्यायला हवे. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये खेळाडू भरलेले ९ मिमीचे पिस्तूल घेऊन धावतो, तेथे कडक शिक्षा ठीक; दहा मीटरवर एका जागी उभ्या असलेल्या मुलांना तीच शिक्षा केली, तर ती घाबरून खेळच सोडतील, असे काही प्रशिक्षकांना वाटते. यात तथ्य आहे. लहान मुलाला सर्वांसमोर ओरडून अपमानित केले, तर ते पुढच्या वेळी चूक लपवायला शिकते आणि लपवलेली चूक सर्वात धोकादायक. पण त्यावरचा उपाय शिक्षा सोडून देणे हा नाही. आवाज न चढवता, नाव न ठेवता, सर्वांना सारखाच लागू होणारा नियम ठेवता येतो. आज पिस्तूल खाली, बाकी वेळ बसून इतरांचे निरीक्षण, उद्या पुन्हा सुरुवात. प्रशिक्षकाकडून चूक झाली, तर त्यालाही तेच. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये बाद झालेला खेळाडूही अनेकदा स्पर्धास्थळी थांबतो, सहकाऱ्यांची लक्ष्ये चिकटवून देतो आणि पुढच्या स्पर्धेला परत येतो. त्याला कोणी गुन्हेगार समजत नाही.

हे घडवून आणण्याची पहिली जबाबदारी पालकांची आहे, कारण फी तेच भरतात. ज्या दिवशी मुलाला रेंजवर बाहेर बसवले जाईल, त्या दिवशी प्रशिक्षकाला जाब विचारण्याऐवजी ‘बरे झाले’ म्हणता आले पाहिजे. संघटनांनीही जिल्हा स्पर्धेच्या प्रवेश अर्जासोबत सुरक्षा चाचणी सक्तीची करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मोठा खर्चही येत नाही.

नेमबाजी हा एरवी अत्यंत सुरक्षित खेळ आहे. कबड्डीत गुडघा जातो, क्रिकेटमध्ये बोट मोडते. नियम पाळणाऱ्या रेंजवर वर्षानुवर्षे साधे खरचटतही नाही. ती सुरक्षितता पिस्तुलात बसवून येत नाही. रोजच्या सरावात प्रत्येक जण ती पाळतो, म्हणून ती टिकते. त्यामुळे वर्गाची चौकशी करायला फोन कराल, तेव्हा फी विचारण्याआधी तो एक प्रश्न जरूर विचारा, ‘नियम मोडणाऱ्याचे तुमच्याकडे काय होते?’ समोरून लगेच आणि स्पष्ट उत्तर आले, तर पुढचे प्रश्न विचारायला हरकत नाही.